२० विजय, १३४ पराभव : क्लीव्हलँड स्पायडर्सचा १८९९चा हंगाम

शिकागो व्हाइट सॉक्स २०२४ मध्ये १२१ सामने हरले, तेव्हा बेसबॉलच्या आधुनिक काळातला (१९०१ पासूनचा) तो सर्वाधिक पराभवांचा हंगाम ठरला. पण अमेरिकेतल्या सर्वोच्च पातळीच्या बेसबॉलची, म्हणजे मेजर लीगची, जुनी वही उघडली, तर त्याहून १३ पराभव जास्त असलेली एक नोंद सापडते. १८९९ सालच्या नॅशनल लीगमध्ये क्लीव्हलँड स्पायडर्स १५४ सामने खेळले, २० जिंकले आणि १३४ हरले. बारा संघांच्या लीगमध्ये ते बारावे आले. अकराव्या वॉशिंग्टनच्या ते ३५ सामने मागे होते आणि विजेत्या ब्रुकलिनच्या ८४ सामने मागे (विजयांतला फरक आणि पराभवांतला फरक यांची सरासरी).

हा हंगाम बहुतेक वेळा गमतीदार किस्से म्हणून सांगितला जातो. त्यात मैदानावरच्या माणसांवर अन्याय होतो. याच संघाने १८९५ मध्ये बाल्टिमोरला हरवून टेम्पल कप (पहिल्या दोन संघांमधली हंगामानंतरची स्पर्धा) जिंकला होता आणि आदल्याच वर्षी, १८९८ मध्ये, ८१ विजय आणि ६८ पराभवांसह पाचवा क्रमांक मिळवला होता. एका हिवाळ्यात ८१चे २० कसे झाले, याचं उत्तर बॅट-बॉलपेक्षा मालकीच्या कागदांत आणि वेळापत्रकात जास्त आहे.

दोन संघ, एक तिजोरी

फ्रँक आणि स्टॅन्ली रॉबिसन हे भाऊ क्लीव्हलँडमधले ट्रामवाले. शहरातल्या ट्राममार्गांचे ते मालक होते आणि १८९१ मध्ये सुरू झालेलं लीग पार्क हे मैदान त्यांनी मुद्दाम आपल्याच मार्गावर बांधलं होतं. प्रेक्षकाने ट्रामचं भाडं दिलं की एकदा कमाई, तिकीट काढलं की दुसऱ्यांदा. मैदानावरचा पहिला सामना साय यंगने जिंकून दिला. यंग हा पुढे बेसबॉलमधला सर्वाधिक विजय मिळवणारा पिचर (चेंडू टाकणारा; संघाचा प्रत्येक विजय-पराभव एका पिचरच्या नावावर लागतो) झाला.

पण संघ चांगला खेळूनही गर्दी अपेक्षेएवढी होईना. कामगारांच्या शहरात सुट्टीचा वार एकच, रविवार, आणि क्लीव्हलँडमध्ये रविवारी सामना खेळवायला बंदी होती. मे १८९७ मध्ये रॉबिसन बंधूंनी ती बंदी मोडून पाहिली. एक इनिंग झाली आणि पोलिसांनी खेळाडूंना अटक केली. १८९८ मध्ये क्लीव्हलँडची हंगामभराची प्रेक्षकसंख्या सत्तर हजारांच्या आसपासच राहिली आणि घरचे बरेच सामने त्याच वर्षी बाहेरगावी हलवावे लागले. १८९९ची सवय १८९८ मध्येच लागली होती म्हणायची.

तिकडे सेंट लुईसमध्ये नेमकं उलटं चित्र होतं. शहर मोठं, रविवारी सामन्यांना मुभा, बेसबॉलचं वेड जुनं. पण संघ मात्र डबघाईला आलेला. मालक ख्रिस फॉन-डेर-आहे (Von der Ahe) हा जर्मनीहून आलेला किराणा आणि बिअरचा व्यापारी. त्याच्या ब्राउन्स संघाने १८८५ ते १८८८ अशी सलग चार वर्षं अमेरिकन असोसिएशन या तेव्हाच्या दुसऱ्या मेजर लीगचं विजेतेपद जिंकलं होतं. दहा वर्षांनी तोच माणूस कर्ज, खटले आणि एप्रिल १८९८ मध्ये मैदानाला लागलेली आग यांत बुडाला. त्या वर्षी संघ ३९ सामने जिंकून आणि १११ हरून तळाला गेला आणि मार्च १८९९ मध्ये क्लबचा लिलाव झाला. काही दिवसांतच सूत्रं रॉबिसन बंधूंच्या हातात आली.

क्लीव्हलँडचा क्लब त्यांनी विकला नाही. आता लीगमधले दोन संघ एकाच घरात होते. लीगने याला आडकाठी केली नाही, कारण आडकाठी करणाऱ्यांचेच हात अडकलेले होते. बोस्टन, शिकागो आणि सिनसिनाटीच्या मालकांकडे न्यूयॉर्क क्लबचे शेअर होते. बाल्टिमोर आणि ब्रुकलिन यांची मालकी त्याच हिवाळ्यात एकमेकांत गुंफली गेली होती. १८९२ पासून नॅशनल लीगला दुसरी प्रतिस्पर्धी मेजर लीग उरली नव्हती आणि बारा क्लबांचे मालक आपापसांत ठरवतील तोच नियम होता.

खेळाडूंना विचारण्याचा प्रश्नच नव्हता. ‘रिझर्व्ह’ कलमाखाली करार संपला तरी खेळाडूवर हक्क क्लबचाच राहायचा. पगाराची कमाल मर्यादा वर्षाला २,४०० डॉलर धरलेली असे, आणि क्लब पाठवेल तिथे जायचं नाही तर मेजर लीग सोडायची, एवढेच दोन रस्ते होते.

यादी कशी रिकामी झाली

हंगाम तोंडावर आलेला असताना क्लीव्हलँडची बहुतेक पहिली फळी सेंट लुईसला गेली. साय यंग, जॅक पॉवेल आणि निग कपी हे पिचर, डावखुरा फलंदाज जेसी बर्केट, शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक; बेस म्हणजे धावताना गाठायचे थांबे) आणि तिसरा बेस सांभाळणारा बॉबी वॉलेस, दुसऱ्या बेसचा क्यूपिड चाइल्ड्स, जुनाजाणता एड मॅकीन, कॅचर (फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारा) जॅक ओकॉनर, आणि या सगळ्यांना हाकणारा खेळाडू-व्यवस्थापक पॅट्सी टेबो. यातले यंग, बर्केट आणि वॉलेस पुढे हॉल ऑफ फेम या बेसबॉलच्या सन्मानदालनात गेले. सेंट लुईसचा संघ नव्या नावाने, ‘परफेक्टोज’ म्हणून, मैदानात उतरला.

बदल्यात क्लीव्हलँडला मिळाली ती आदल्या वर्षी १११ सामने हरलेल्या संघाची उरलीसुरली मंडळी. व्यवस्थापक म्हणून तिसऱ्या बेसचा लेव्ह क्रॉस आला. पहिल्या बेसवर टॉमी टकर होता, १८८९ मध्ये अमेरिकन असोसिएशनचा अव्वल फलंदाज, आता पस्तिशीचा आणि शेवटच्या हंगामात. दुसऱ्या बेसवर जो क्विन. मेजर लीगमध्ये खेळलेला ऑस्ट्रेलियात जन्मलेला हा पहिला खेळाडू. शॉर्टस्टॉपला हॅरी लॉकहेड, त्याचं मेजर लीगमधलं पहिलंच वर्ष. आउटफिल्डला, म्हणजे बेसच्या मागच्या मैदानात, टॉमी डाउड आणि डिक हार्ली. पिचिंगला जिम ह्यूई, जो १८९८ मध्ये सेंट लुईसकडून ७ जिंकून २४ हरला होता, आणि विली सडहॉफ.

क्लीव्हलँडचा कारभार स्टॅन्ली रॉबिसनकडे होता आणि हा क्लब आपण जोडधंदा म्हणून चालवणार, असं त्याने उघडच सांगितलं होतं. गावातल्या लोकांना त्याहून अधिक काही ऐकण्याची गरज नव्हती.

वेळापत्रकाने पहिला सामना ठेवला तोच सेंट लुईसमध्ये. १५ एप्रिलला, कालपर्यंत क्लीव्हलँडचा असलेल्या साय यंगने पिचिंग केलं आणि परफेक्टोजनी १०-१ असा विजय मिळवला.

३९ वरून २० का?

या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे आणि तो सहसा विचारला जात नाही. स्पायडर्सकडे आलेले बरेचसे खेळाडू १८९८च्या सेंट लुईस संघातले होते. त्या संघाने वाईट खेळून का होईना, ३९ सामने जिंकले होते. मग त्यांच्याकडून १८९९ मध्येही साधारण पस्तीस-चाळीस विजयांची अपेक्षा धरायला हरकत नव्हती. वीसच का?

नशिबाने दगा दिला का, हे आधी तपासून पाहू. बेसबॉलमध्ये संघाने काढलेल्या आणि दिलेल्या धावांवरून विजयांचा अंदाज काढण्याची एक सोपी रीत आहे. काढलेल्या धावांचा वर्ग करायचा आणि त्याला, काढलेल्या व दिलेल्या धावांच्या वर्गांच्या बेरजेने भागायचं. स्पायडर्सनी ५२९ धावा काढल्या आणि १,२५२ दिल्या. म्हणजे सामन्यागणिक सरासरी ३.४ काढल्या, ८.१ दिल्या. भागाकार येतो ०.१५ आणि १५४ सामन्यांना गुणलं की साधारण २३ विजय. प्रत्यक्षात २०. फरक तीन सामन्यांचा. नशीब बाजूला ठेवा. संघ जेवढा कमकुवत होता तेवढाच हरला.

आता हंगामाचे दोन तुकडे करू. लेव्ह क्रॉसच्या हाताखाली ३८ सामने झाले, त्यात ८ विजय आणि ३० पराभव. याच चालीने पूर्ण हंगाम गेला असता तर ३२ विजय झाले असते. तळाला राहण्याजोगंच, पण १८९८च्या सेंट लुईसपेक्षा फार वेगळं नाही. जूनच्या सुरुवातीला रॉबिसन बंधूंनी क्रॉस आणि सडहॉफ या दोघांनाही सेंट लुईसला बोलावून घेतलं. व्यवस्थापकपद जो क्विनकडे आलं. त्याच्या वाट्याच्या ११६ सामन्यांत १२ विजय आणि १०४ पराभव झाले. या चालीने पूर्ण हंगामात जेमतेम १६ विजय होतात.

म्हणजे हंगामाआधीच्या लुटीने संघ तळाला गेला आणि हंगामातल्या दुसऱ्या लुटीने तळही फुटला. दर्जाची पातळी ठरवणारे दोनतीन खेळाडू जरी काढले तरी कमकुवत संघाचं मोठ्या संघापेक्षा जास्त नुकसान होतं, कारण त्याच्याकडे बदली म्हणून बसलेला माणूस आणखी खालच्या प्रतीचा असतो. जुना कॅचर चीफ झिमर, ज्याने वर्षानुवर्षं साय यंगला साथ दिली, तोही याच हंगामात लुईव्हिलला गेला. कॅचर ऑसी श्रेकेनगॉस्टला त्याच वर्षी सेंट लुईस आणि क्लीव्हलँड दोन्हीकडे खेळवलं गेलं. जो चांगला खेळू लागेल तो जाणार, हे क्लीव्हलँडच्या ड्रेसिंग रूममध्ये प्रत्येकाला कळलेलं होतं.

सडहॉफचे आकडे तर या सगळ्याचा पुरावा म्हणून वेगळे काढून ठेवावेत. क्लीव्हलँडकडून ३ विजय, ८ पराभव. त्याच वर्षी सेंट लुईसकडून १३ विजय, १० पराभव. हात तोच, बॉल तोच, लीगही तीच. फक्त मागे उभे असलेले आठ जण वेगळे होते.

घरचं मैदान हातून गेलं

बारा संघ, प्रत्येकाशी १४ सामने, सात घरी आणि सात बाहेर. वेळापत्रक असं सरळ होतं, त्यामुळे प्रत्येक संघाला घरचे ७७ आणि बाहेरचे ७७ सामने मिळायचे. स्पायडर्स घरी खेळले फक्त ४२. उरलेले ३५ सामने त्यांना दुसऱ्यांच्या गावी जाऊन खेळावे लागले आणि बाहेरच्या सामन्यांची संख्या ११२ झाली. घरच्या ४२ पैकी ९ जिंकले, ३३ हरले. बाहेरच्या ११२ पैकी ११ जिंकले, १०१ हरले. आज मेजर लीगमध्ये संघाला बाहेरचे सामनेच ८१ असतात, त्यामुळे १०१चा हा आकडा कुणी गाठूच शकत नाही.

सामने हलवण्यामागचं कारण तिकीट-खिडकीवर होतं. पूर्ण हंगामात लीग पार्कवर प्रेक्षक आले ६,०८८. सरासरी १४५. तिकीट अर्धा डॉलर धरलं, तर सामन्याची सगळी वसुली साडेबहात्तर डॉलर होते. पाहुण्या संघाला त्यातला निम्मा वाटा मिळाला असं मानलं तरी हातात पडतात छत्तीस डॉलर. त्यात पंधराएक माणसांचं रेल्वेभाडं, हॉटेल आणि जेवण भागवायचं. ते भागत नव्हतं. बाकीच्या क्लबांनी क्लीव्हलँडला यायलाच नकार दिला आणि रॉबिसन बंधूंनाही त्यात तोटा दिसला नाही. आपल्या रिकाम्या मैदानाच्या वाट्यापेक्षा दुसऱ्याच्या भरलेल्या मैदानातला पाहुण्याचा वाटा केव्हाही मोठा होता.

हिशेबाच्या वहीत हे बरोबर दिसतं. मैदानावर त्याची किंमत पडते. सामने बोस्टनपासून सेंट लुईसपर्यंत पसरलेले, प्रवास रेल्वेचा, उन्हाळा पूर्वेकडच्या शहरांतला, आणि एका गावाहून दुसऱ्या गावी जाताना मध्ये घरचा मुक्कामच नाही. थकलेल्या पिचरला घरच्या सलग सामन्यांत जी उसंत मिळते, ती मिळेना. जुन्या मैदानांच्या भिंती, उसळी, उन्हाची दिशा सगळीकडे वेगळी असायची. घरच्या मैदानाची ओळख हे कमकुवत संघाचं उरलेलं एकमेव भांडवल असतं. तेच काढून घेतलं गेलं. वर्तमानपत्रं त्यांना ‘एक्झाइल्स’ आणि ‘वाँडरर्स’ म्हणू लागली.

आणि मग चक्र पूर्ण झालं : खेळाडू गेले म्हणून प्रेक्षक गेले, प्रेक्षक गेले म्हणून पाहुणे येईनात, पाहुणे येईनात म्हणून संघ कायम रस्त्यावर, रस्त्यावर म्हणून आणखी पराभव, आणि पराभव होतच आहेत तर इथे चांगला खेळाडू ठेवून काय उपयोग, म्हणून पुन्हा खेळाडू गेले. यातली एकही कडी मैदानावर सुरू होत नाही.

पिचरांची वही

बेसबॉलमध्ये ओव्हर्स नसतात. नऊ इनिंग, दर इनिंगला तीन, असे २७ गडी बाद केल्याशिवाय सहसा सामना संपत नाही, मग कितीही धावा जावोत. त्यामुळे वाईट पिचिंगला वाईट क्षेत्ररक्षणाची जोड मिळाली की सामना लांबत जातो, पिचर जास्त चेंडू टाकतो, आणि दोन-तीन दिवसांनी तोच थकलेला हात पुन्हा कामाला लागतो. १८९९ मध्ये पिचरने सुरू केलेला सामना पूर्ण करणं हाच रिवाज होता. मध्येच बदलायला ताजा माणूस स्पायडर्सकडे बहुधा नसायचाच.

जिम ह्यूईने पावणेतीनशेहून अधिक इनिंग पिचिंग केलं. ४ विजय, ३० पराभव. मेजर लीगमध्ये एका हंगामात ३० सामने हरलेला तो शेवटचा पिचर. चार्ली नेपर ४ आणि २२. फ्रँक बेट्स १ आणि १८. ‘क्रेझी’ श्मिट २ आणि १७. हॅरी कॉलिफ्लॉवर १ आणि ११. किड कार्सी १ आणि ८. बिल हिल ३ आणि ६. बोस्टनकडून १८९२ मध्ये ३५ विजय मिळवलेला जॅक स्टिवेट्स आपल्या अखेरच्या वर्षी इथे आला आणि चारही सामने हरून गेला. सडहॉफ आणि आणखी काही जणांना धरून विजय किंवा पराभव नावावर लागलेले पिचर एकूण १४ होतात. त्यांतला स्पोर्ट मॅकॲलिस्टर हा मुळात पिचरही नव्हता. कॅचरपासून आउटफिल्डपर्यंत जिथे जागा रिकामी पडेल तिथे उभं राहणारा हा खेळाडू, वेळ आली तेव्हा बॉल हातात घेऊनही उभा राहिला.

संघाची अर्न्ड रन सरासरी (क्षेत्ररक्षणातल्या चुकांच्या धावा वगळून दर नऊ इनिंगमागे दिलेल्या धावा) होती ६.३७, लीगच्या सरासरीहून सुमारे अडीच धावा जास्त. पण एवढ्याने पिचरांवर सगळं खापर फोडता येत नाही. ६.३७च्या हिशेबाने अर्न्ड धावा नऊशेच्या आसपास होतात आणि दिलेल्या धावा १,२५२ आहेत. म्हणजे साडेतीनशेच्या घरातल्या धावा क्षेत्ररक्षणातल्या चुकांच्या खाती जातात. त्या काळच्या छोट्या हातमोज्यांनी आणि खडबडीत मैदानांवर सगळ्याच संघांच्या चुका भरपूर होत असत, हे खरं. तरी ह्यूईच्या ३० पराभवांकडे पाहताना हा हिशेब विसरू नये. वर फलंदाजीचाही आधार नव्हता. वर्षभरात संघाने १२ होम रन (एका फटक्यात सगळ्या बेसची फेरी) मारले. हंगामभरात सलग दोन विजय एकदाच मिळाले.

इथे क्विनबद्दल दोन शब्द लिहिलेच पाहिजेत. व्यवस्थापक म्हणून त्याच्या नावावर १२ विजय आणि १०४ पराभव लागले, पण तो स्वतः जवळपास प्रत्येक सामना खेळला आणि संघातल्या बऱ्या फलंदाजांपैकी होता. ज्या संघात कोण केव्हा उचलून नेला जाईल याचा भरवसा नाही, तो संघ दर दुपारी नऊ माणसांनिशी मैदानात उतरवणं हेच त्याचं काम होतं आणि ते त्याने शेवटच्या दिवसापर्यंत केलं. पराभवांच्या आकड्यावरून त्याला मोजणं मला मान्य नाही.

शेवटचे ४१ सामने

२६ ऑगस्ट ते १६ सप्टेंबर या काळात स्पायडर्स सलग २४ सामने हरले. १८ सप्टेंबरला वॉशिंग्टनविरुद्ध त्यांनी एक सामना जिंकला. पिचर होता नवखा जॅक हार्पर, ज्याचा हा त्या वर्षातला एकमेव विजय. त्यानंतर पुन्हा सलग १६ पराभव. शेवटच्या ४१ सामन्यांत ४० हार.

हंगामाचा शेवट १५ ऑक्टोबरला सिनसिनाटीत झाला. त्या दिवशी डबलहेडर, म्हणजे लागोपाठ दोन सामने, होता. पिचिंगला एडी कोल्ब नावाचा हौशी तरुण उभा राहिला. तो हॉटेलातल्या सिगारच्या गाळ्यावर काम करायचा. त्याने पूर्ण सामना टाकला, स्पायडर्स १९-३ असे हरले, आणि कोल्ब मेजर लीगमध्ये पुन्हा दिसला नाही. हा किस्सा नेहमी हसत सांगितला जातो. ११२वा बाहेरचा सामना, संपलेले हात आणि नवा पिचर मागवायला एक डॉलरही खर्च करणार नाही असा मालक, हे तिन्ही एकत्र ठेवले की त्या दिवशी दुसरं काय होणार होतं?

प्रवास-व्यवस्थेसाठी जॉर्ज मुइर नावाचा सचिव संघाबरोबर वर्षभर फिरत होता. हंगाम संपल्यावर खेळाडूंनी वर्गणी काढून त्याला हिऱ्याचं लॉकेट भेट दिलं, आपले सगळे सामने पाहावे लागलेला हा एकच माणूस म्हणून.

बाल्टिमोरमध्ये हेच झालं, मग तिथे का नाही कोसळलं?

एकाच मालकीच्या दोन संघांचा प्रयोग १८९९ मध्ये दोन ठिकाणी चालला होता, हे या प्रकरणाचं अभ्यासाच्या दृष्टीने मोठंच भाग्य. बाल्टिमोर ओरिओल्सचे विली कीलर, जो केली, ह्यूई जेनिंग्ज असे मोहरे ब्रुकलिनला नेले गेले आणि व्यवस्थापक नेड हॅनलनही तिकडे गेला. ब्रुकलिनने १०१ विजय आणि ४७ पराभवांसह लीग जिंकली. पण लुटलेलं बाल्टिमोरही ८६ विजय, ६२ पराभव असं चौथं आलं.

फरक कुठे पडला? जॉन मॅग्रॉ आणि कॅचर विल्बर्ट रॉबिन्सन यांचा बाल्टिमोरमध्ये स्वतःचा धंदा होता. त्यांनी ब्रुकलिनला जायला साफ नकार दिला आणि मालकांना नमतं घ्यावं लागलं. मॅग्रॉ खेळाडू-व्यवस्थापक झाला, त्याने स्वतः .३९१च्या सरासरीने (दर हजार संधींत ३९१ यशस्वी फटके) फलंदाजी केली, आणि जो मॅकगिनिटी नावाच्या नव्या पिचरने पहिल्याच वर्षी २८ विजय मिळवून दिले. म्हणजे बाल्टिमोरला एक कणा शिल्लक राहिला आणि त्याभोवती नवा संघ उभा करण्याची मोकळीक मिळाली. क्लीव्हलँडमध्ये टेबोपासून यंगपर्यंत कणाच आधी काढला गेला आणि जूनमध्ये उरलेलाही. शिवाय बाल्टिमोरने आपलं मैदान आणि आपले प्रेक्षक गमावले नाहीत. खेळाडू हलवल्याने संघ कमजोर होतो, पण संघ संपण्यासाठी क्लीव्हलँडमध्ये जे जे केलं ते सगळंच करावं लागतं.

मालकांच्या पदरात काय पडलं

सेंट लुईसला गर्दी झाली, साडेतीन लाखांहून अधिक. पैशाच्या बाजूने रॉबिसन बंधूंचा अंदाज चुकला नाही. खेळाच्या बाजूने मात्र परफेक्टोज ८४ विजय आणि ६७ पराभवांसह पाचवे आले. यंगने २६ सामने जिंकले, बर्केटची सरासरी .४००च्या उंबरठ्यावर होती, आणि तरीही पाचवे. म्हणजे क्लीव्हलँडने १८९८ मध्ये मिळवलेलाच क्रमांक.

दोन्ही संघांची बेरीज करून पाहिली की हा व्यवहार आणखी उघडा पडतो. १८९८ मध्ये क्लीव्हलँड आणि सेंट लुईस मिळून १२० सामने जिंकले आणि १७९ हरले. १८९९ मध्ये, एका मालकाच्या हाताखाली, मिळून जिंकले १०४ आणि हरले २०१. चांगले खेळाडू एकीकडे गोळा केल्याने तिकडे ४५ विजय वाढले, इकडे ६१ घटले. कारण सरळ आहे. चौथ्या क्रमांकाच्या पिचरची जागा भरणाऱ्या चांगल्या पिचरने मोठ्या संघाला थोडाच फायदा होतो, पण तोच माणूस लहान संघाचा पहिला पिचर असतो.

१९००च्या हंगामाआधी नॅशनल लीगने बारा संघांचे आठ केले. क्लीव्हलँड, बाल्टिमोर, वॉशिंग्टन आणि लुईव्हिल वगळले गेले. सेंट लुईसच्या संघाचं नाव त्याच वर्षी कार्डिनल्स झालं. नेपर, बेट्स आणि कॉलिफ्लॉवर हे पिचर मेजर लीगमध्ये पुन्हा कधी खेळले नाहीत. हार्परला मात्र सेंट लुईसमध्ये नीट संघ मिळाला आणि १९०१ मध्ये त्याने २३ विजय मिळवले. पुढे बेसबॉलच्या नियमांत एकाच मालकाला दोन मेजर लीग क्लब ठेवायला मनाई आली.

क्लीव्हलँडचे लोक बेसबॉल पाहायला येत नाहीत, ही रॉबिसन बंधूंची तक्रार होती. नॅशनल लीगने मोकळ्या सोडलेल्या या शहरात अमेरिकन लीग शिरली आणि १९०१ मध्ये ती स्वतःला मेजर लीग म्हणवू लागली. तिचा क्लीव्हलँडचा संघ त्याच लीग पार्कवर खेळला, त्या वर्षी सातवा आला, आणि तरी एक लाखाहून जास्त लोकांनी तिकीट काढलं. ज्यांच्यासाठी १८९९चा हा सगळा खटाटोप झाला ते तारेही सेंट लुईसमध्ये टिकले नाहीत. साय यंग १९०१ मध्ये अमेरिकन लीगच्या बोस्टनला गेला आणि तिथे पहिल्याच वर्षी त्याने ३३ सामने जिंकले. बर्केट आणि वॉलेस १९०२ मध्ये सेंट लुईसच्याच, पण अमेरिकन लीगमधल्या, नव्या ब्राउन्स संघात दाखल झाले.